उघड्या टपाची जुनी अमेरिकन मोटार : जीर्णोद्धार, विक्री आणि कायदा

प्रस्तावना

वसई पूर्वेकडील सातिवली येथील औद्योगिक गाळ्यांतून लेथ, प्रेस, पत्राकाम, पावडर कोटिंग अशी कामे शेजारी शेजारी चालतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एखादी अमेरिकन मोटार पुन्हा रस्त्यावर आणावयाची झाल्यास अशाच हातांची गरज लागते. तिचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, किंवा जुन्या तुकड्याचा नमुना पुढे ठेवून येथेच घडवून घ्यावे लागतात. मात्र गाडी चालू झाली म्हणजे तिचे मूल्य सिद्ध झाले, असे होत नाही. ती विक्रीस निघते तेव्हा नेमके काय विकले जात आहे, असा प्रश्न उभा राहतो : जुनी वस्तू, नवे कारागिरीचे काम, की कागदपत्रे? प्रस्तुत लेखात उघड्या टपाच्या मोटारीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे.

मुंबई आणि अमेरिकन मोटार

मुंबई परिसरातील अमेरिकन गाड्या केवळ संस्थानिकांच्या हौसेतून आल्या, हा समज अपुरा आहे. फोर्ड कंपनीच्या कॅनडा शाखेने १९२६ साली भारतात आपली कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. गाडीचे भाग पेट्यांतून येत आणि येथे जोडले जात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे थांबणे कठीण झाले आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. म्हणजे आज विक्रीस येणाऱ्या जुन्या अमेरिकन गाडीच्या अंगी मुंबईच्या कामगाराचे श्रम असू शकतात. विक्रेते या गोष्टीचा उल्लेख क्वचितच करतात, हे नवल आहे.

'कन्व्हर्टिबल' म्हणजे काय?

आपल्याकडे उघडी गाडी दिसली की तिला सरसकट 'कन्व्हर्टिबल' म्हणतात. तांत्रिक दृष्ट्या टूरर आणि कन्व्हर्टिबल यांत भेद आहे. टूररला कापडी हूड असते. परंतु दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नसतात. पाऊस आल्यास बाजूंना पडदे लावावे लागतात. कन्व्हर्टिबलमध्ये घडीच्या टपाबरोबर काचाही असतात, त्यामुळे टप बंद केल्यावर ती जवळजवळ बंदिस्त गाडी बनते. १९३९ साली प्लिमथने यंत्रशक्तीवर उघडणारा टप बाजारात आणला. पुढे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा रूढ झाली.

खरा फरक मात्र टपात नसून खाली आहे. बंदिस्त गाडीचे पोलादी छप्पर हे गाडीला पीळ बसू नये म्हणून भार वाहणारे अंग असते. ते काढून टाकल्यास खड्ड्यावरून जाताना दारांच्या फटी कमी-जास्त होतात आणि दारे अडकू लागतात. म्हणून कारखान्यात तयार झालेल्या उघड्या गाडीला चौकटीत जादा आधार दिलेला असतो : कोठे इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखी आडवी जोड, कोठे दाराखालच्या पट्टीत दुहेरी पत्रा. साहजिकच ती बंदिस्त भावंडापेक्षा वजनदार असते. छप्पर कमी, पण वजन जास्त, ही बाब प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

या ज्ञानाचा उपयोग खरेदीच्या वेळी होतो. उघड्या गाडीला अधिक किंमत येत असल्यामुळे बंदिस्त गाडीचे छप्पर कापून तिला उघडी करण्याचा मोह होतो. वरून पाहणाऱ्यास ती अस्सल वाटते. खाली वाकून चौकट पाहणाऱ्यास वाटत नाही. जनरल मोटर्सच्या १९५० व १९६० च्या दशकांतील शेव्हरोले गाड्यांच्या बॉडीवरील धातूच्या पट्टीत प्रकारदर्शक क्रमांक असतो. त्याच्या अखेरीस ६७ हा आकडा असल्यास ती मुळात कन्व्हर्टिबल होती असे समजावे. रंग आणि क्रोम यांच्या झळाळीपेक्षा ही दोन बोटांची पट्टी अधिक बोलते.

जीर्णोद्धाराचा पेच

महाराष्ट्रातील कित्येक जुन्या देवळांच्या कोरीव दगडावर भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला दिसतो. मोटारीच्या बाबतीतही असेच घडते. गंजलेला पत्रा कापून नवा लावण्याऐवजी त्यावर लांबी भरून रंग दिला, तर गाडी दोन पावसाळे सुंदर दिसते. कोकणपट्टीच्या दमट, खारट हवेत उघड्या गाडीचे नुकसान अधिक होते. टपाच्या शिवणीतून झिरपलेले पाणी तळाच्या पत्र्यात साचते आणि चौकट आतून खाते. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक गाड्यांच्या बॉडीत लाकडी सांगाडा असे. तेथे वाळवीची भर पडते.

कायद्याने येथे आणखी एक पेच निर्माण केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या बिगर-व्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनास 'विंटेज' म्हणून नोंदता येते. त्यास राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. परंतु वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे; चौकट, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, अशी अट आहे. कुजलेली चौकट बदलल्याखेरीज गाडी सुरक्षित होत नाही आणि बदलताना आकार वा रचना ढळली तर ती 'मूळ' राहत नाही. छप्पर कापलेल्या गाडीबाबत तर शंकेला जागाच उरत नाही. 'संपूर्ण नवी केलेली' ही जाहिरातीतील सर्वांत आकर्षक ओळ म्हणूनच जाणत्या ग्राहकास सावध करणारी ठरते.

वापर : दोन कायद्यांची दोन तोंडे

विक्रीच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ सालचा एक निर्णय उद्बोधक आहे. एका नोकरदार करदात्याने १९३१ ची फोर्ड टूरर १९८३ साली २०,००० रुपयांना घेतली आणि पुढे २१ लाख रुपयांना विकली. वाद १९९२-९३ या आकारणी वर्षाचा होता. १९६१ च्या आयकर कायद्यात व्यक्तिगत वापराच्या जंगम वस्तू भांडवली मत्तेच्या व्याख्येतून वगळलेल्या होत्या; मोटार ही अशीच वस्तू, म्हणून नफा करपात्र नाही, असे करदात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. वस्तू व्यक्तिगत वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्षात वापरली गेली पाहिजे, असा निकष लावण्यात आला. करदाता येण्याजाण्यासाठी कंपनीची गाडी वापरीत असे आणि जुन्या गाडीच्या देखभाल खर्चाचा पुरावा नव्हता, या गोष्टी त्याच्या विरोधात गेल्या. यामागील विचार जुना आहे. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या खटल्यात, पूजेत ठेवल्या जाणाऱ्या सोन्याच्या मोहरा व चांदीची नाणीदेखील 'व्यक्तिगत वापराच्या वस्तू' मानली नव्हती.

आता २०२१ च्या नियमांकडे पुन्हा पाहावे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी दैनंदिन वा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तसेच इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. एक कायदा सांगतो की गाडी रोज वापरू नका. दुसरा विचारतो की वापरल्याचा पुरावा कोठे आहे? उपर्युक्त वाद या नियमांच्या फार पूर्वीच्या व्यवहाराचा असल्यामुळे न्यायालयापुढे हा विरोध आलाच नाही. परंतु यापुढे विंटेज नोंदणी असलेल्या गाडीचा मालक नफ्यावर करमाफी मागेल तेव्हा तो टाळता येणार नाही. रॅलीस नेणे हा व्यक्तिगत वापर मानावयाचा की संग्राहकाची हौस, हे तेव्हा ठरवावे लागेल. हौस हादेखील वापराचाच एक प्रकार आहे, असा युक्तिवाद करता येण्यासारखा आहे. मात्र तो तोंडी करून भागणार नाही.

व्यवहारातील बाजू थोडक्यात अशी : विंटेज नोंदणीचे शुल्क दहा वर्षांसाठी २०,००० रुपये (उपरोक्त फोर्ड १९८३ साली तेवढ्यालाच मिळाली होती) आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. गाडी विकल्यास विक्रेता व ग्राहक या दोघांनी आपापल्या परिवहन अधिकाऱ्यांना नव्वद दिवसांत कळविणे आवश्यक असते. सुकाणू डावीकडे असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे इशारा देणारी यंत्रणा चालू स्थितीत हवी. कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून गाजविली होती (१९८२ साली क्रायस्लरने उघडी गाडी पुन्हा आणली, ही गोष्ट वेगळी). त्या पिढीच्या गाड्यांची पन्नाशी २०२६ पासून भरू लागते आणि विंटेज नोंदणीस पात्र ठरणाऱ्या गाड्यांत त्यांची भर पडते. अशा गाडीसोबत लेथवाल्याचे बिल, रबराच्या साच्याची पावती, टप शिवणाऱ्याचा हिशेब, पत्रा कापण्यापूर्वीची चौकटीची छायाचित्रे आणि रॅलीच्या नोंदी हा सारा कागदांचा गठ्ठा असेल, तर परिवहन कार्यालय, आयकर अधिकारी आणि ग्राहक या तिघांच्याही प्रश्नांना उत्तर देता येते. गाळ्यातील कारागीर पुष्कळदा बिल देत नाही आणि मालकही ते मागत नाही.