प्रवाळ खडकावर बसवताना

अमेरिकेत, जर्मनीत घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. बोटभर तुकडा दगडाला चिकटवणं त्यांच्या हातचा मळ. फुटबॉलएवढी प्रवाळाची वसाहत बसवायची म्हटली, की मात्र कसब लागतं.

अशा वेळी धास्ती वाटते ती वजनाची. पण पाणीच बराच भार उचलतं. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि हवेत किलोभर भरणारा कोरडा सांगाडा समुद्राच्या पाण्यात साधारण साडेसहाशे ग्रॅमच भासतो. खरा त्रास प्रवाहाचा. टाकीतले पंप सतत पाणी ढकलतात, पसरलेल्या फांद्या तो जोर झेलतात आणि सगळा ताण बुडाशी येतो. त्यात गोगलगायी आणि समुद्री साळिंदर रात्री वाटेत येईल ते ढकलत फिरतात.

म्हणून गोंदाच्या आधी बैठक बघावी. वसाहत खडकावर फिरवून फिरवून अशी जागा शोधावी, की ती तीन ठिकाणी टेकेल आणि नुसत्या वजनानेच स्थिर राहील. गोंदाशिवाय डुगडुगणारी वसाहत गोंद लावूनही फार दिवस टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग खडकावरचं शेवाळ ब्रशने खरवडून काढायचं. गोंद लागतो तो सायनोअ‍ॅक्रिलेटचा, म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा, पण दाट जेलसारखा. हे रसायन १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं. ओलाव्यानेच ते घट्ट होतं, त्यामुळे पाण्याखालीही चालतं. मात्र पाणी लागताच त्यावर साय धरते. म्हणून प्रवाळ टेकवल्यावर किंचित रगडावा लागतो, साय फाटून आतला ताजा गोंद दगडाला भिडतो. त्याचा दोष असा की वाळल्यावर तो ठिसूळ होतो आणि मोठी फट भरत नाही. फट भरते ती दोन भाग मळून केलेली इपॉक्सीची लांबी, पण ओल्या दगडाला ती स्वतःहून नीट धरत नाही. म्हणून दोघांची जोडी लावतात: खडकावर गोंद, त्यावर लांबीचा गोळा, त्यावर पुन्हा गोंद आणि मग प्रवाळ. लांबी एका दिवशी फार वापरू नये. नाहीतर टाकीतलं प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, फेसाने उतू जातं.

वसाहत फारच जड किंवा उभट असेल, तर खडकाला आणि तिच्या मेलेल्या बुडाला भोक पाडून अ‍ॅक्रिलिकची किंवा फायबरग्लासची कांडी बसवतात. धातू नको. लोखंड गंजतं आणि तांबं तर प्रवाळाला विषच.

टाकीचं पाणी थोडं उतरवून हे काम केलं तर हात मोकळा चालतो. ओहोटीला उघडे पडणारे अनेक प्रवाळ काही मिनिटं हवेत राहणं सोसतात. पण मोठ्या, मांसल पॉलिपचे (वसाहतीतला एकेक जीव म्हणजे पॉलिप) प्रवाळ फुगलेले असताना उचलले, तर त्यांची ऊती स्वतःच्याच भाराने फाटते. हातमोजे आणि चष्मा घालायलाच हवा. झोअँथिडसारख्या प्रवाळांच्या काही नातेवाइकांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

गोंदाचं काम तात्पुरतं आहे. पुढे प्रवाळाची ऊती गोंदावरून, लांबीवरून खडकावर पसरते आणि खाली नवा सांगाडा रचत जाते. ती पकड कुठल्याही गोंदाहून भक्कम. त्यासाठी वसाहत हलता कामा नये. रोज हलणाऱ्या बुडाशी ऊती झिजत राहते.

हे ज्ञान टाकीपुरतं नाही. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या वाटेत आलेल्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसऱ्या खडकांवर हलवल्या गेल्या, तेव्हाही ‘नव्या जागी घट्ट कशा बसतील’ हाच प्रश्न होता.

भारतात मात्र घरच्या टाकीसाठी हा मार्ग बंद आहे. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंक्तीला. त्यांची खरेदी-विक्री केली, तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. दुकानदार ‘मिळवून देतो’ म्हणाला तरी घेऊ नका. आणि हाजी अलीला किंवा मालवणला ओहोटीत उतरलात, तर पाय टाकण्याआधी खडकाकडे नीट बघा.