वेबसाइटचा पत्ता उर्दूसारखा वाचा : मोबाइल सर्व्हरशी कसा बोलतो?

स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले की पालकांचे ठरलेले प्रश्न येतात. साइट उघडत नाही, काय करू? मोबाइल खराब झालाय का? व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर फॉर्म भरला तर चालेल का? या सगळ्यांची उत्तरं नेटवर्कच्या एका थरात सापडतात. त्याचं नाव ॲप्लिकेशन लेअर. कॉम्प्युटर शिकणारी मुलं हा धडा परीक्षेपुरता पाठ करतात, पण तो घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावा असा आहे.

कॉम्प्युटर नेटवर्कच्या कामाचे ओएसआय नमुन्यात सात थर मानले आहेत. ॲप्लिकेशन लेअर सर्वांत वरचा, म्हणजे आपल्याला सर्वांत जवळचा. पत्राचं उदाहरण घ्या. थैली, गाडी, पोस्टमन हे पत्र पोहोचवतात; आत काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. खालचे थर साधारण असंच काम करतात. पत्र कोणत्या भाषेत, कोणत्या रीतीने लिहायचं आणि त्याचा जवाब कसा द्यायचा, हे वरचा थर ठरवतो. म्हणजे ॲप्लिकेशन लेअर म्हणजे मोबाइलमधलं ॲप नव्हे. ॲप ज्या ठरलेल्या नियमांनी बोलतं, ते नियम या थरात असतात. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात.

आपण पत्ता टाकला की पहिलं काम डीएनएसचं. मशीनला नाव कळत नाही, आकड्यांचा आयपी ॲड्रेस कळतो. नावावरून आकडा शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये मांडली. आकडा मिळाला की एचटीटीपी बोलू लागतं. ब्राउझर म्हणतो, "हे पान द्या." सर्व्हर पान पाठवतो आणि सोबत एक नंबरही देतो. 200 म्हणजे सगळं ठीक. 404 म्हणजे सर्व्हर सापडला, पण मागितलेलं पान तिथे नाही. पत्ता पुन्हा तपासा. 503 म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही. बहुतेक वेळा गर्दी झालेली असते किंवा दुरुस्ती चालू असते. शेवटच्या तारखेला 503 दिसला तर दोष तुमच्या मोबाइलचा किंवा रिचार्जचा नाही. म्हणून फॉर्म आधीच भरावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं किंवा कुलपाचं चिन्ह दिसलं की लोक निर्धास्त होतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येणार नाही. समोरचा माणूस प्रामाणिक आहे, असं कुलूप सांगत नाही. असं कुलूप फसवणाऱ्यालाही फुकट मिळू शकतं. बंद पाकिटातून तुम्ही आधार नंबर थेट चोराच्याच हातात दिलात, तर पाकीट बंद असण्याचा काय फायदा?

मग ओळखायचं कसं? आपल्या घरांत उर्दू वाचणारी माणसं आहेत, त्यांना हे सोपं जाईल. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडा. पुढे पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचा पत्ता आहे 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन'. उजवीकडून वाचलं तर आधी 'इन' म्हणजे भारत, मग 'गव्ह' म्हणजे सरकार, मग पोर्टलचं नाव. 'गव्ह डॉट इन' हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. पण पत्ता 'स्कॉलरशिप्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा असेल, तर साइट अमुकतमुकची आहे. डावीकडे काय लिहायचं, ते त्याच्या मर्जीवर.

खासगी ट्रस्टच्या साइटचा शेवट वेगळा असू शकतो. तिथे पत्त्याची खात्री शाळेतून किंवा ट्रस्टच्या कार्यालयातून करून घ्या. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर शरमेने गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. आणि आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना मोबाइलवरचा एखादा पत्ता दाखवून विचारा, "सांगा, ही साइट कुणाची?"