टॉमची सिगारेट आणि कात्री
२००६ मध्ये एका प्रेक्षकाच्या तक्रारीनंतर ब्रिटनमध्ये ‘टॉम अँड जेरी’तली धूम्रपानाची काही दृश्यं कापली गेली. त्यातल्या ‘टेक्सास टॉम’मध्ये मांजरीवर छाप पाडायला टॉम सिगारेट वळतो. आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१२ पासून कात्रीपेक्षा इशाऱ्यावर भर आहे: पडद्यावर धूर निघाला की खाली ओळ. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हेच लागू झालं. पण चार वर्षांच्या पोराला ओळ कुठली वाचता येणार? त्याला दिसतो फक्त ऐटबाज बोका. आणि पडदा झाकलाच, तरी छत्रपती संभाजीनगरात शाळेच्या वाटेवर पानटपरी असतेच. बरणीत गोळ्या, मागे सिगारेटची पाकिटं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. दंड किती? जास्तीत जास्त २०० रुपये.