सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे

व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्या कैद्याला सर्वाधिक धोका असतो तो सुटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट होते. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे तर १२९ पट.

तुरुंगात हेरॉइन बंद झाले की काही आठवड्यांत शरीराची ते पचवण्याची ताकद उतरते, तलफ मात्र जात नाही. बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत जाऊन थांबतो. मानसिक आजारात गोळ्यांचा खंड घात करतो. हातात औषध नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नाही, अशा अवस्थेत घरी आलेल्या रुग्णाची झोप उडते आणि भास, संशय पुन्हा डोके वर काढतात.

यावर उपाय आहे. अमेरिकेतीलच ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये तुरुंगात मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी व्यसनावरील औषधे देऊन सुटकेनंतरही उपचार चालू ठेवले. वर्षभरात, नुकत्याच सुटलेल्यांचे अतिसेवनाने होणारे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले.

भारतात सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत. जामीन कधी मिळेल याचा नेम नसल्याने सुटकेची तयारी दाखल होतानाच सुरू व्हायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या विकारांनाही मानसिक आजारांत धरले असून, प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसोपचाराची सोय सक्तीची केली आहे. तुरुंगाबाहेर, महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनासाठी झटतो आहे.

घरच्यांनी तुरुंगातील उपचारांचे कागद मागून घ्यावेत आणि त्याच आठवड्यात रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पुन्हा व्यसनाकडे पाय वळलाच, तर घराचे दार बंद करू नये. उपचार नव्याने सुरू करावेत.