पिकअपचा रिव्हर्स दिवा : प्रकाश किती, कसा आणि केव्हा?

फळे आणि भाजीपाला यांची भरणी बहुधा रात्री किंवा पहाटे होते. उन्हाचा ताप टळतो आणि माल सकाळच्या लिलावाला पोहोचतो. अशा वेळी पिकअप गाडी थेट शेतापर्यंत येते. तेथे वळायला जागा नसते. पाणंदीतून किंवा बांधाच्या कडेने ती मागेच घ्यावी लागते. गाडीचे पुढचे दिवे कितीही चांगले असले, तरी त्या क्षणी चालकाचा आधार म्हणजे मागे असलेले एक-दोन लहान बल्ब. म्हणूनच अलीकडे अनेक शेतकरी मूळ बल्ब काढून प्रखर एलईडी बल्ब बसवू लागले आहेत.

हा विषय कीटकशास्त्रज्ञाने का हाताळावा, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसानंतर आम्ही ऊसपट्ट्यात हुमणीच्या भुंगेऱ्यांची रात्रीची गणना करीत होतो. आमची पिकअप पाणंदीतून मागे येत होती आणि रिव्हर्स दिव्यांवर चिखलाचा थर होता. चालकाला मागे पोत्यांचा ढीग असावा असे वाटले. प्रत्यक्षात रात्रपाळीच्या विजेची वाट पाहत एक शेतकरी घोंगडी पांघरून तेथे झोपला होता. आमच्या सहायकाने गाडीवर जोरात थाप मारली आणि गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

दुसऱ्याच दिवशी चालकाने मागे एक अतिशय प्रखर पांढरा एलईडी दिवा बसविला व त्याला स्वतंत्र बटण दिले. मागचे सारे स्वच्छ दिसू लागले. मात्र आम्ही उतरून काम करीत असतानाही तो दिवा जळत राही, आणि भुंगेरे आमच्या प्रकाशसापळ्याऐवजी गाडीभोवती जमू लागले. त्या रात्रींची गणना आम्हांला रद्द करावी लागली. पहिली चूक जिवावर बेतणारी होती. दुसरी आमच्या कामावर बेतली. दोन्ही टाळता येतात.

मागे किती अंतर दिसले पाहिजे?

ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी २ मीटरहून अधिक सरकते. वेग ताशी १० किलोमीटर असल्यास हेच अंतर ४ मीटरच्या पुढे जाते. ओल्या मातीवर ब्रेक लागल्यानंतरही गाडी आणखी दोनेक मीटर घसरू शकते. याचा अर्थ असा, की मागील ६ ते ८ मीटरचा पट्टा स्पष्ट दिसणे आवश्यक आहे. तो रुंद असावा, म्हणजे बांध, चर आणि कडेला उभा असलेला माणूसही दिसेल. पन्नास मीटर दूर जाणाऱ्या अरुंद झोताचा येथे उपयोग नाही. उलट धूळ किंवा धुके असल्यास असा झोत परावर्तित होऊन आरशातून चालकाचेच डोळे दिपवितो.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. हौद्याला लागून असलेला भाग आरशात दिसतच नाही. तेथे झोपलेले मूल कितीही उजेड केला तरी चालकाला दिसणार नाही. त्यासाठी सोबतचा माणूस चालकाच्या बाजूस, आरशात दिसेल अशा जागी उभा असला पाहिजे. तो आरशातून दिसेनासा झाला, की गाडी थांबवावी. दिवा या माणसाला मदत करतो. त्याची जागा घेत नाही.

आधी जुना दिवा तपासावा

नवा बल्ब घेण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. तिला खर्च जवळजवळ येत नाही.

• काचेवरील चिखल व धूळ पुसावी. काच पिवळी किंवा धूसर झाली असल्यास नवा बल्बही मंदच दिसेल. अशा वेळी काच बदलणे अधिक हिताचे.
• होल्डर उघडून गंज पाहावा. खतांची पोती वाहणाऱ्या गाड्यांत ओलावा व क्षार यांमुळे होल्डर आणि अर्थची जोडणी लवकर गंजते. गंजामुळे बल्बपर्यंत पूर्ण दाब पोहोचत नाही.
• इंजिन सुरू ठेवून होल्डरजवळ मल्टिमीटरने दाब मोजावा. बॅटरीजवळील दाबापेक्षा तो एक व्होल्ट किंवा अधिक कमी असल्यास दोष तारेत किंवा अर्थमध्ये आहे, बल्बमध्ये नाही.
• फाळका खाली सोडल्यावर दिवे झाकले जातात का, हे पाहावे. तसे होत असल्यास गाडी मागे घेताना फाळका बंद ठेवावा.

अनेक गाड्यांत एवढ्यानेच पुरेसा फरक पडतो.

एलईडी बल्ब निवडताना

रिव्हर्स दिव्यात सामान्यतः १२ व्होल्ट, २१ वॉटचा तारेचा बल्ब असतो. बाजारात तो ‘पी२१डब्ल्यू’ या नावाने मिळतो. त्याचा प्रकाश सुमारे ४६० ल्यूमेन असतो. काही गाड्यांत १६ वॉटचा, खाचेत बसणारा लहान बल्ब असतो. जुना बल्ब काढून त्यावरील अक्षरे वाचावीत आणि त्याच बैठकीचा एलईडी बल्ब घ्यावा.

वेष्टनावरील ल्यूमेनच्या आकड्यावर विसंबू नये. या प्रकारच्या चांगल्या एलईडी बल्बकडून प्रत्येक वॉटला साधारण १०० ल्यूमेन मिळतात असे धरावे. म्हणजे ५ वॉटचा बल्ब सुमारे ५०० ल्यूमेन देईल. ५ वॉटच्या बल्बवर ३००० ल्यूमेन लिहिले असेल, तर तो दावा खोटा आहे, कारण प्रत्येक वॉटला ६०० ल्यूमेन पांढरा प्रकाश तत्त्वतःही शक्य नाही. बल्ब किती अँपियर प्रवाह घेतो हे मोजून त्याला दाबाने गुणले, की खरे वॉट कळतात. १३.५ व्होल्टला ०.४ अँपियर म्हणजे जेमतेम साडेपाच वॉट.

प्रकाशाच्या प्रमाणाइतकीच त्याची मांडणी महत्त्वाची असते. दिव्यातील परावर्तक हा तारेच्या बल्बमधील एका ठरावीक बिंदूसाठी घडविलेला असतो. एलईडी बल्बवरील कण त्या जागी नसतील, तर प्रकाश विखुरतो आणि जमिनीवर मध्ये उजळ व कडेला काळे पट्टे दिसतात. म्हणून बल्बची उंची मूळ बल्बएवढी असावी आणि कण चहूबाजूंनी लावलेले असावेत. बसविल्यानंतर अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून जुन्या व नव्या बल्बचा प्रकाश शेजारी-शेजारी पडताळावा.

तारेचा बल्ब आपली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने काचेतून बाहेर टाकतो. एलईडीची उष्णता मात्र बुडाशी साठते, आणि बूड तापले की प्रकाश घटतो व आयुष्य कमी होते. त्यामुळे धातूचे बूड असलेला बल्ब घ्यावा आणि दहा मिनिटे सलग पेटवून तो मंदावतो का ते पाहावे.

रंगाच्या बाबतीत ३००० ते ४००० केल्विनचा बल्ब निवडावा. बाजारात ६००० केल्विनचे निळसर-पांढरे बल्ब अधिक दिसतात आणि ते डोळ्यांना प्रखर वाटतात. परंतु माती, वाळलेला पाला आणि घोंगडी यांतील फरक ओळखण्यास त्यांची गरज नाही. कीटकांच्या दृष्टीनेही ते कमी सोयीचे आहेत.

वेगळा दिवा जोडताना

मूळचे दोन तारेचे बल्ब मिळून ४२ वॉट, म्हणजे सुमारे ३.५ अँपियर प्रवाह घेतात. त्यांच्या जागी एलईडी बल्ब बसविल्यास भार कमी होतो आणि तारा बदलाव्या लागत नाहीत. परंतु त्याच तारेवर १८ वॉटचे दोन जादा दिवे जोडले, तर आणखी ३ अँपियर प्रवाह वाढतो. हा सर्व भार गिअरपेटीवरील लहान रिव्हर्स स्विचवर पडतो. स्विच जळाल्यास दिवा लागणार नाही; तार तापल्यास आग लागू शकते.

जादा दिव्यांना रिले अनिवार्य समजावा. रिव्हर्स दिव्याची तार केवळ रिलेच्या गुंडाळीला, म्हणजे ८६ क्रमांकाच्या टोकाला द्यावी आणि ८५ क्रमांकाचे टोक अर्थला जोडावे. बॅटरीकडून येणारी तार फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या टोकाला आणावी आणि ८७ क्रमांकाच्या टोकावरून दिव्याला न्यावी. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. ३ अँपियरच्या भाराला ५ अँपियरचा फ्यूज पुरेसा आहे.

कीटकांना हा दिवा कसा दिसतो?

बहुतेक निशाचर कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या व हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतात. लाल प्रकाश त्यांपैकी बहुतेकांना जवळजवळ दिसत नाही. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो. त्यावरील पिवळ्या लेपामुळे त्याचा प्रकाश पांढरा भासतो. म्हणून त्याच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचे शिखर असते. ६००० केल्विनच्या बल्बमध्ये ते ठळक, तर ३००० केल्विनच्या बल्बमध्ये बरेच खुजे असते. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसल्याने जुन्या पाऱ्याच्या दिव्यापेक्षा त्यावर कीटक कमी येतात. ‘एलईडीवर किडी येत नाहीत’ हा समज मात्र चुकीचा आहे.

कीटक दिव्याकडे का येतात, याविषयी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उडताना कीटक आपली पाठ आकाशाच्या उजेडाकडे ठेवतात. जवळ कृत्रिम दिवा असला, की त्यांची पाठ दिव्याकडे वळते, मार्ग वाकडा होतो आणि ते दिव्याभोवतीच अडकून पडतात. म्हणजे ते दिव्याकडे ओढले जाण्यापेक्षा त्याच्या परिसरात सापडतात, असे म्हणणे अधिक योग्य. जो दिवा जितका वेळ जळेल, तितके अधिक कीटक त्याच्या परिसरात सापडतील.

येथेच मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. रिव्हर्स दिवा जेमतेम मिनिटभर लागतो. तेवढ्याने किडींचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून किडींच्या भीतीने तो मंद ठेवणे चूक आहे. प्रश्न उद्भवतो तो त्याच दिव्याला बटण देऊन भरणीसाठी तासन् तास जळत ठेवल्यावर. उघड्या क्रेटवर पतंग, तुडतुडे, भुंगेरे उतरतात. घाटे अळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी, टोमॅटोवरील नागअळी यांचे पतंग रात्री क्रियाशील असतात. मालासोबत ते दुसऱ्या बाजारपेठेत पोहोचू शकतात, आणि निर्यातीच्या मालात जिवंत कीटक आढळल्यास तो माल नाकारला जाऊ शकतो.

भरणी करणाऱ्या मजुरांनाही त्रास होतो. पेडेरस हा नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा लहान भुंगेरा पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो त्वचेवर चिरडला गेल्यास त्याच्या शरीरातील द्रव्यामुळे साधारण एक-दोन दिवसांत जळजळ होऊन फोड येतात. तो मारू नये, फुंकरीने उडवून लावावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

भरणीचा दिवा वेगळा ठेवावा

भरणीसाठी पिवळा किंवा नारिंगी एलईडी दिवा वापरावा. त्यावर कीटक तुलनेने कमी येतात. मालाची प्रतवारी मात्र भरणीपूर्वी दिवसा उरकावी, कारण पिवळ्या प्रकाशात फळाचा रंग नीट कळत नाही. दिवा उंचावर, तोंड खाली करून लावावा, जेणेकरून प्रकाश आकाशाकडे किंवा शेजारच्या पिकावर जाणार नाही. भरलेले क्रेट लगेच झाकावेत आणि काम थांबताच दिवा बंद करावा. हुमणीसाठी प्रकाशसापळा लावलेल्या शेतात, अंधार पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत गाडीचे दिवे विनाकारण चालू ठेवू नयेत. एरवी सापळ्याचे काम गाडी करते आणि भुंगेरे मरत नाहीत.

नियमांची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. दिव्यांचे रंग व जागा यांविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. रिव्हर्स दिवा पांढराच हवा. ३००० केल्विनचा उबदार प्रकाशही पांढऱ्यातच मोडतो. त्या जागी पिवळा, निळा किंवा लुकलुकणारा बल्ब बसवू नये. बल्बचा प्रकार बदलण्यापूर्वी किंवा जादा दिवा लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. शेतापुरता लावलेला दिवा रस्त्यावर बंद व झाकलेला असावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत सांगावयाचे मुद्दे

१. आधी काच, होल्डर व अर्थ, नंतर बल्ब.
२. मागचा ६ ते ८ मीटरचा रुंद पट्टा दिसावा. वेग पायी चालण्याइतकाच ठेवावा.
३. खऱ्या वॉटवरून प्रकाश ओळखावा. रंग ३००० ते ४००० केल्विन.
४. जादा दिव्याला रिले व फ्यूज हवाच.
५. रिव्हर्स दिवा गाडी मागे घेण्यापुरता. भरणीला वेगळा पिवळा दिवा.
६. गाडी मागे घेण्यापूर्वी एका माणसाने खाली उतरून मागे फेरी मारावी.

शेवटच्या मुद्द्याला कसलाही खर्च नाही. आमच्या गाडीमागे झोपलेला शेतकरी त्या रात्री दिव्यामुळे नव्हे, तर खाली उतरलेल्या सहायकामुळे वाचला. चांगला दिवा त्या सहायकाला वेळेवर पाहता यावे, यासाठी आहे.