मैफलीपलीकडचा गवई

गवयाची थोरवी त्याने जिंकलेल्या मैफलींवरून मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने किती जणांस स्वरांची ओळख करून दिली, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पंडित विनायकराव पटवर्धन यांचे चरित्र मात्र या रीतीचा फेरविचार करावयास लावते.

१८९८ साली मिरजेस जन्मलेले विनायकबुवा हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबार व घराणी यांच्या चौकटीत अडकलेल्या विद्येस वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांची शिस्त दिली. १९२२ साली बुवा गंधर्व नाटक मंडळीत गेले. बालगंधर्वांसमवेत गाण्याचे भाग्य, लोकप्रियता, सारे काही लाभले होते. तरीही गुरूंच्या निधनानंतर, १९३२ साली त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला व ८ मे रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

म्हणून त्यांचे गाणे थांबले, असे नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गायक आणि विशेषतः तराण्याचे अधिकारी म्हणून त्यांची कीर्ती वाढतच गेली. पण त्याच हातांनी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'रागविज्ञान'चे सात भाग सिद्ध केले. वडील गेले तेव्हा अवघ्या दहा वर्षांचे असलेले गुरुपुत्र दत्तात्रेय पलुसकर यांना त्यांनी विद्या दिली. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी द. वि. पलुसकर गेले, परंतु त्यांच्या गाण्याची प्रसन्नता ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येते. १९७२ साली 'पद्मभूषण'ने गौरविलेले बुवा १९७५ साली निवर्तले.

वर्गात गवई घडत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तासाची घंटा वाजली की आलाप अर्ध्यावर तुटतो. गुरूच्या सहवासाची जागा वहीने भरून निघत नाही. परंतु शाळेतील प्रत्येक मूल गवई व्हावे, अशी अपेक्षा कोणी धरली आहे? गणित शिकणारे सगळेच गणिती होत नाहीत. वर्गातून जाणता श्रोता निर्माण होतो, आणि अशा श्रोत्यांवाचून गवई जगत नाही. शिवाय शेकडा एखाद्याला पुढची वाट सापडते, ती याच दारातून.

आता हे दार पुण्याच्या पेठांपुरतेच उघडे राहावे काय? शहराला खेटूनच मुळशी तालुका आहे. पौड हे त्याचे मुख्य गाव पुण्यापासून अवघ्या तीसएक किलोमीटरवर. तेथील मुलास षड्ज लावावयास शिकण्यासाठी शहराची मोटार धरावी लागत असेल, तर लाहोरात आरंभिलेले कार्य अर्धेच झाले म्हणावयाचे. एक खोली, एक तंबोरा, तबल्याची जोडी आणि आठवड्यातून एक दिवस देणारा गायक, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ऐन बहरात रंगभूमी सोडणाऱ्या विनायकबुवांच्या त्यागापुढे आठवड्यातील एक दिवस म्हणजे फार मोठे मागणे नव्हे.