गर्दीतली शिस्त : हौशी रेडिओ स्पर्धांचा मागोवा

ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार आला की हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही स्पर्धा १९४८ पासून चालू आहे. आवाजाची फेरी ऑक्टोबरात, मोर्सची नोव्हेंबरात. जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्री सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. तिथून सलग ४८ तास. जितके देश आणि जगाचे विभाग पाडून केलेले जितके झोन हाताला लागतील तितके गाठायचे, एवढाच खेळ. पण हजारो माणसं एकाच वेळी बोलू लागली तरी त्यातून अर्थ निघतो. तो निघावा म्हणून काय काय रीत पडत गेली, ती मला गुणांच्या तक्त्यापेक्षा मोलाची वाटते.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात उळवीच्या बाजूला आमचं गुंद गाव. आजूबाजूला रान आणि सुपारीच्या बागा. शहरात इन्व्हर्टर, एलईडी दिवे, चार्जर यांची जी सततची खरखर रेडिओत घुसते, ती इथे फारशी नाही. २० मीटरच्या पट्टीसाठी सुमारे १० मीटर तार लागते. गलोलीने फणसावर दोरी टाकायची, तार वर ओढायची, की युरोपातली क्षीण हाकही कानावर येते. याच तालुक्यातल्या कॅसल रॉकच्या रानातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी भूमिगत रेडिओ चालवला. १९५५ साली आंबोलीच्या बाजूने सुरू झालेलं ते प्रसारण डिसेंबर १९६१ पर्यंत, गोवा मुक्त होईपर्यंत, चाललं. ते एकतर्फी होतं, ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नव्हतं. हौशी रेडिओत मात्र उत्तर आलं नाही तर काहीच झालं नाही.

स्पर्धेतलं उत्तर अगदी त्रोटक असतं. ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी-टू.’ पहिले दोन आकडे सिग्नलचे. सिग्नल कसाही असो, तेच सांगायचे. २२ हा आपला झोन. दुसऱ्या खंडाशी संपर्क झाला की ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाशी झाला की १, आणि भारतातल्या भारतात शून्य. शून्य असलं तरी देश आणि झोन गुणकात, म्हणजे एकूण गुणांना ज्याने गुणतात त्या आकड्यात, धरले जातात. म्हणून नव्या, कमी ताकदीच्या भारतीय केंद्राने हाक मारली तर तिला उत्तर द्यावं, असं माझं ठाम मत आहे. आपले चार-पाच सेकंद जातात, त्याला गुणक मिळतो.

कागदी लॉगच्या दिवसांत वेळ, पट्टी, कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव), दिलेला आणि घेतलेला आकडा, सगळं पेन्सिलीने लिहावं लागे. शेजारी दुसरा कागद असे, अक्षरवारीने चौकोन पाडलेला. कुणाशी आधी बोलणं झालं आहे का, ते त्यात बघायचं. दुबार संपर्क लॉगमधून कापायचा राहिला तर दंड बसे. त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा आलं की ‘आपलं झालंय’ म्हणून त्याला परत पाठवत, आणि ‘नाही झालं’, ‘झालंय’ यात चांगलं अर्धं मिनिट जाई.

संगणक आले आणि ही रीत उलटी झाली. दुबार संपर्काला आता दंड नाही. तपासनीस तो नुसता वगळतात. पण एकाच्या लॉगमध्ये संपर्क आहे आणि दुसऱ्याच्या लॉगमध्ये नाही, असं आढळलं तर गुण जातात आणि वर दंडही बसतो. म्हणून वाद न घालता पुन्हा नंबर द्यायचा. समोरचा दुसऱ्यांदा आला, त्याअर्थी पहिल्या वेळी त्याला आपलं उत्तर नीट मिळालं नसेल, असं धरून चालायचं. नियमांमुळे लागलेली ही सवय मला जुन्या रीतीपेक्षा जास्त सभ्य वाटते.

ऐकू आलेली केंद्रं एकमेकांना कळवण्याच्या जाळ्याने, म्हणजे क्लस्टरने, मात्र नवी दुखणी आणली. कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे पडद्यावर दिसू लागलं, तेव्हा अशी मदत घेणाऱ्यांचा गट वेगळा काढावा लागला. तरीही पडद्यावरचं नाव न ऐकताच लॉगमध्ये उतरवणारे आहेत. कुणीतरी एक अक्षर चुकीचं टाकतो आणि तीच चूक पुढे अनेकांच्या लॉगमध्ये जाते. भारतीय केंद्राचं नाव झळकलं की दुसऱ्याच क्षणी माणसं तुटून पडतात, आणि मोर्समध्ये तर सगळे नेमक्या एकाच सुरावर येतात. त्या गुरगुरीतून एक अक्षरही निघत नाही. किंचित बाजूला सरकून हाक मारणाऱ्याला उत्तर आधी मिळतं.

अशी गर्दी, म्हणजे पाइल-अप, सांभाळणं भारतीय हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, वाट्याला वारंवार येतं, कारण परदेशात आपण हवेहवेसे असतो. तुकडा ऐकू आला, समजा शेवटचं ‘किलो’, तर ‘किलो अगेन’ म्हणायचं आणि तो किलोवाला पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुणालाही घ्यायचं नाही, मग तो कितीही जोरात ओरडो. एकदा जरी आरडाओरडीला बक्षीस मिळालं तरी पुढचा तासभर कुणी गप्प बसत नाही. आपलं कॉलसाइन दर एक-दोन संपर्कांनी सांगायचं. ते न सांगता मिनिटामागून मिनिटं गर्दी उपसत बसणारे मला मुळीच आवडत नाहीत. बाहेर थांबलेल्याला आपण कुणासाठी थांबलो हेच कळत नाही. आणि जागा धरण्याआधी विचारायचं : फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का? उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा विचारायचं, कारण बोलणाऱ्या दोघांपैकी एकच आपल्याला ऐकू येत असतो.

स्पर्धेत नसणाऱ्यांचाही या पट्ट्यांवर तेवढाच हक्क आहे. १९७९ च्या जागतिक परिषदेत मिळालेल्या १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर स्पर्धा घ्यायची नाही, हा संकेत जगभर पाळला जातो. आपल्याकडे ७ मेगाहर्ट्झवर सकाळची नेट, म्हणजे ठरल्या वेळी हवेत भरणाऱ्या बैठका, चालतात. तिथे घुसून ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ ओरडणं मला असभ्यपणाच वाटतो. १४.३०० मेगाहर्ट्झ आणीबाणीसाठी मोकळं ठेवतात. त्याचं कारण आपल्याच देशात दिसलं. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरहून बोलत होते, आणि हौशी रेडिओवर बरीच वर्षं मुक्या असलेल्या अंदमानचा संपर्क मिळावा म्हणून जगभरचे हॅम धडपडत होते. २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली. गर्दी बाजूला झाली आणि तीच यंत्रं लोकांच्या खुशालीचे निरोप पाठवू लागली.

स्पर्धा संपल्यावर लॉग पाठवायला आता पाचच दिवस मिळतात. पूर्वी टपालाच्या हिशोबाने कित्येक आठवडे मिळत. गुंदहून नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवावा लागतो, पण थोडेसेच संपर्क झाले असले तरी पाठवावा. क्रमांकात यायचं नसेल तर ‘चेकलॉग’ म्हणून द्यावा. त्या पहाटे आपल्याला हाक मारणाऱ्या प्रत्येकाचा संपर्क आपल्या ओळीशी ताडून बघितला जातो.